मॉड्यूल सापडत नाही, म्हणजे नेमके काय?

पायथनमधला प्रोग्राम चालवायला घ्यावा आणि पडद्यावर ‘नो मॉड्यूल नेम्ड मायएसक्यूएलडीबी’ अशी ओळ यावी, हे डेटाबेसशी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. भाषा बदलली की शब्द बदलतात, एवढेच. पर्ल कुठे कुठे पाहिले त्या फोल्डरांची भलीमोठी यादी देते, जावा ‘नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड’ म्हणून मोकळी होते, पीएचपी ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ इतकेच सांगून गप्प बसते. असे काही दिसले की हात आपोआप इन्स्टॉलच्या कमांडकडे वळतो. नाही म्हणतोय ना, मग आणून बसवू! कमांड चालते, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असेही येते, प्रोग्राम पुन्हा चालवला की तीच ओळ जशीच्या तशी. मग दुसरी कमांड, तिसरी कमांड, शेवटी सगळे पुसून नव्याने मांडणी. या पुस्तिकेचे म्हणणे असे, की हा संदेश गैरहजेरीचा दाखला समजून वाचला जातो आणि दुखणे तिथूनच वाढते. प्रोग्रामला कळते ते एवढेच, की मी अमुक नावाने, अमुक जागी पाहिले आणि मला काही मिळाले नाही. वस्तू जगात आहे की नाही, तुमच्या यंत्रावर आहे की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात आणण्यापासून नव्हे, चौकशीपासून व्हायला हवी: शोधले कोणी, कुठे आणि कोणत्या नावाने?

डेटाबेसच्याच मॉड्यूलांबाबत हा घोळ इतका का होतो, याला इतिहास आहे. तारीख-वेळ हाताळणारे किंवा फाइल वाचणारे मॉड्यूल भाषेबरोबरच येते. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांच्याशी बोलणारे मॉड्यूल तसे येत नाही, कारण प्रत्येक डेटाबेसची बोली वेगळी, मालक वेगळा, परवाना वेगळा आणि नव्या आवृत्त्यांचे वेळापत्रकही वेगळे. यावर तोडगा म्हणून कामाची वाटणी झाली. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणले, पर्लसाठी टिम बन्स यांनी १९९४ पासून डीबीआय उभे केले, जावाला १९९७ मध्ये जेडीबीसी मिळाले, पायथनने १९९९ मध्ये डेटाबेस मॉड्यूल कसे असावे याचा दुसरा आणि आजही चालू असलेला करार लिहून काढला. सगळ्यांची कल्पना एकच: भाषेने फक्त संवादाची रीत ठरवायची, प्रत्यक्ष बोलणारा ड्रायव्हर दुसऱ्याने लिहायचा आणि तो प्रोग्राम चालू झाल्यावर ऐनवेळी जोडायचा. ही वाटणी शहाणपणाचीच होती. तिच्यामुळे एकच प्रोग्राम आज मायएसक्यूएलवर आणि उद्या पोस्टग्रेसवर नेण्याचा विचार तरी करता आला. पण तिची किंमत अशी, की जोडणी प्रोग्राम लिहिताना होत नाही, चालताना होते. शिवाय बऱ्याच ड्रायव्हरांच्या पोटात सी भाषेतली आणखी एक लायब्ररी दडलेली असते. म्हणजे भाषा, ड्रायव्हर, ती लायब्ररी आणि पलीकडचा सर्व्हर असे चार जण, चार वेगळ्या हातांनी बसवलेले. यातल्या कुठल्याही दोघांचा मेळ चुकला तरी पडद्यावर उमटणारी ओळ बहुधा एकाच छापाची असते.

एक उदाहरण जवळून पाहू. (कमांड आणि नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे लागतील.) मायएसक्यूएलडीबी हे मॉड्यूल कोडमध्ये त्याच नावाने मागवले जाते, पण पायथनची पॅकेजे आणून बसवणाऱ्या ‘पिप’ या साधनाने ते आणताना नाव द्यायचे असते मायएसक्यूएलक्लायंट. मूळचे मॉड्यूल पायथन २ पुरते होते; पायथन ३ वर चालणारी त्याची शाखा या नव्या नावाने निघाली आणि कोडमधले जुने नाव तसेच राहिले. त्यामुळे एररमध्ये जे नाव दिसते तेच पिपला देणारा माणूस पहिल्याच पायरीवर घसरतो. समजा नाव बरोबर दिले. आता प्रश्न, पिपने ते कोणत्या पायथनसाठी बसवले? एका यंत्रावर तीन-चार पायथन सुखाने नांदत असतात. एक ऑपरेटिंग सिस्टिमचा, एक आपण उतरवलेला, एक ॲनाकोंडाबरोबर आलेला, एक प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला. प्रत्येकाचे सामान ठेवायचे फोल्डर वेगळे. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ म्हटले की टर्मिनलला जो पिप आधी सापडेल तो धावतो. एडिटरमधले हिरवे बटण मात्र दुसऱ्याच पायथनला हाक मारत असते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. अशा वेळी प्रोग्रामच्या पहिल्या दोन ओळींत ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ आणि ‘सिस डॉट पाथ’ छापून पाहावे. कोण शोधतोय आणि कुठे शोधतोय, दोन्ही उत्तरे एका दमात मिळतात. मग ज्या पायथनचा पत्ता छापला गेला त्याच्याच तोंडून ‘डॅश एम पिप इन्स्टॉल’ म्हणायचे, की वस्तू त्याच्याच घरात पडते.

याच उदाहरणाला आणखी एक पदर आहे आणि तो जास्त शिकवणारा आहे. एखादा विद्यार्थी मायएसक्यूएलचा सराव करायला बसतो आणि आपल्या फाइलचे नाव साहजिकच ‘मायएसक्यूएल डॉट पीवाय’ ठेवतो. पायथन शोधाची सुरुवात चालू फाइलच्या फोल्डरापासून करतो. त्यामुळे ‘मायएसक्यूएल डॉट कनेक्टर’ मागितले की त्याला आधी सापडते ती विद्यार्थ्याचीच फाइल. मग संदेश येतो, की मायएसक्यूएल डॉट कनेक्टर नावाचे मॉड्यूल नाही. आणि त्यापुढे एक छोटा तुकडा असतो: ‘मायएसक्यूएल इज नॉट अ पॅकेज’. सगळे उत्तर त्या तुकड्यात आहे. मायएसक्यूएल नावाचे काहीतरी सापडले आहे, पण ते पॅकेज नव्हे, एक साधी फाइल आहे. कनेक्टर तर जागेवर बसलेलाच आहे. तो दहा वेळा काढून घातला तरी काडीचा फरक पडणार नाही. फाइलचे नाव बदलले की एका क्षणात काम होते. संदेशाचा पहिला अर्धा भाग वाचून कमांडकडे धावणाऱ्याला हा दुसरा अर्धा भाग कधी दिसतच नाही.

नावाचा प्रश्न फक्त कोडपुरता नसतो. ड्रायव्हरचे नाव अनेकदा जोडणीच्या पत्त्यात, म्हणजे साध्या मजकुरात, लिहिलेले असते. तिथली चूक कोणताही कंपायलर पकडत नाही. पायथनमधून डेटाबेस हाताळणाऱ्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीची १.४ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. आधीच्या आवृत्त्या ‘पोस्टग्रेस’ने सुरू होणारा पत्ता चालवून घेत, नवीने तो बंद केला आणि ‘पोस्टग्रेसक्यूएल’ असे पूर्ण नाव मागू लागली. काही होस्टिंग सेवा जुन्या धाटणीचाच पत्ता पुरवत होत्या. ज्यांनी आवृत्ती वाढवली त्यांच्यापुढे उभी राहिली ‘नो सच मॉड्यूल एरर’. नाव मॉड्यूलचे, दोष पत्त्यातल्या दोन अक्षरांचा! सायकोपीजी हा ड्रायव्हर व्यवस्थित बसलेला असूनही या एररपुढे त्याचा इलाज नव्हता. जावातही तसेच, पत्त्याच्या सुरुवातीच्या भागात एक अक्षर चुकले तर जार फाइल क्लासपाथमध्ये असूनही ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ येते, कारण हजर असलेल्यांपैकी कोणताच ड्रायव्हर तो पत्ता आपला मानत नाही. या बाबतीत पर्लच्या डीबीआयचे कौतुक करावे लागेल. ड्रायव्हर मिळाला नाही की ते सांगते, मॉड्यूल पूर्ण बसले नसेल किंवा नावातली लहान-मोठी अक्षरे चुकली असतील, आणि वर जे ड्रायव्हर हजर आहेत त्यांची यादीही देते. नव्वदीतल्या साधनाने दाखवलेला हा समंजसपणा नंतरच्या बऱ्याच साधनांना जमलेला नाही.

कधी कधी वस्तू असते, नावही बरोबर असते आणि तरी शोधणाऱ्याला ती दिसत नाही, कारण तो वेगळ्या दालनात उभा असतो. विंडोजवरची ॲक्सेसची प्रकरणे या जातीची. ॲक्सेसच्या फाइलींशी बोलणारा जुना ‘जेट’ प्रोव्हायडर, म्हणजे तिथला ड्रायव्हर, फक्त ३२ बिटचा. त्यानंतरचा ‘एस’ प्रोव्हायडर २०१० पासून ६४ बिटमध्येही मिळू लागला. ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटचा प्रोव्हायडर आपल्यात ओढून घेता येत नाही, म्हणून तो ‘या यंत्रावर नोंदलेला नाही’ असे सांगून मोकळा होतो. नोंद असते, दुसऱ्या वहीत असते. ओडीबीसीची नोंद तपासायला जावे तर तिथे आणखी गंमत. विंडोजमध्ये या कामाची दोन साधने आहेत आणि दोघांच्याही फाइलच्या नावात ३२ हा आकडा आहे. त्यातले ६४ बिटचे साधन ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरात राहते आणि ३२ बिटचे ‘सिसवॉव ६४’ मध्ये. मागच्या सोयीसाठी केलेली ही नावे पुढच्यांच्या गळ्यात कायमची पडली. ज्या कार्यालयांत वर्षानुवर्षांच्या नोंदी ॲक्सेसच्या फाइलींत आहेत तिथे नवे ६४ बिटचे यंत्र आले की हा प्रसंग ठरलेला. आणि यंत्रावर ३२ बिटचे ऑफिस असेल तर ६४ बिटचा प्रोव्हायडर बसायलाही सहजी तयार होत नाही. पीएचपीमध्ये याचे सौम्य रूप दिसते: टर्मिनलवर चालणारी पीएचपी आणि वेब सर्व्हरमागची पीएचपी वेगवेगळ्या आयएनआय फाइली वाचतात, त्यामुळे टर्मिनलवर ड्रायव्हर दिसतो आणि ब्राउझरमध्ये दिसत नाही. ‘पीएचपी डॅश डॅश आयएनआय’ने पहिल्याचा पत्ता लागतो, पीएचपीइन्फोच्या पानावर दुसऱ्याचा.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे अपवाद झाले. पुष्कळदा मॉड्यूल खरोखरच नसते. मान्य. पण खरोखर नसण्याची प्रकरणे तपासली तरी मूळ मुद्दा हलत नाही, उलट पक्का होतो. एसक्यूएलाइटचे मॉड्यूल पायथनच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, भाषेबरोबरच येते. तरीही लिनक्सवर मूळ कोडपासून पायथन बांधणाऱ्यांना ‘नो मॉड्यूल नेम्ड अंडरस्कोर एसक्यूएलाइट ३’ हा संदेश भेटतो. झालेले असते असे: बांधणीच्या वेळी यंत्रावर एसक्यूएलाइटच्या हेडर फाइली नव्हत्या. बांधणी अडली नाही. शेवटी कुठेतरी, शेकडो ओळींच्या तळाशी, अमुक ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणारे भाग मिळाले नाहीत, अशी नोंद देऊन ती पूर्ण झाली. ती नोंद कोणी वाचली नाही आणि एरर आली कितीतरी दिवसांनी, भलत्याच माणसाच्या पडद्यावर. हा भाग पिपने आणायचा नव्हेच. डेबियनवर एसक्यूएलाइटचे डेव्ह पॅकेज, रेड हॅटवर डेव्हल पॅकेज बसवून पायथन पुन्हा बांधावा लागतो. सायकोपीजीचेही असेच, ‘पीजी कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड’ या ओळीत सांगितलेली उणीव पायथनच्या जगातली नाही, पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीची आहे. म्हणजे गैरहजेरी खरी असते तेव्हाही ती बहुधा एक पायरी खाली आणि बराच काळ आधी घडलेली असते. संदेशातले नाव हे तिचे शेवटचे टोक.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. डेडलाइन डोक्यावर आहे, कुणीतरी दिलेली कमांड चालवली, प्रोग्राम सुरू झाला; कारण कळले नाही तर बिघडले कुठे? बिघडते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘सुडो’ लावून सरसकट बसवलेली पॅकेजे सिस्टिमच्याच पायथनमध्ये जाऊन पडतात आणि ज्या आवृत्त्यांवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साधने अवलंबून आहेत त्या बदलून टाकतात. हा उपद्रव इतका वाढला की २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही बसवायला गेले तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार मिळतो. त्या नकारालाही गप्प करणारा एक पर्याय कमांडमध्ये आहे आणि त्याच्या नावातच सिस्टिम मोडण्याची ताकीद लिहिलेली आहे. तो सल्ला म्हणून बिनदिक्कत फिरवला जातो, याला काय म्हणावे! दुसरे ठिकाण सुरक्षेचे. एररमधले नाव अंदाजाने टाइप करून जे मिळेल ते बसवणे म्हणजे अनोळखी माणसाचा कोड आपल्या हक्काने चालवणे. २०१७ च्या सप्टेंबरात स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने पायथनच्या सार्वजनिक भांडारात ओळखीच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेतलेली बनावट पॅकेजे दाखवून दिली होती. डेटाबेसच्या प्रोग्रामजवळ पासवर्ड असतो. तिथे हा धोका आणखी गडद.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: कंटेनर, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, लॉक फाइल आल्यावर हा विषय उरलाच कुठे? व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमुळे फार मोठी सोय झाली, हे निर्विवाद, आणि ही पुस्तिका प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट असावे असेच सांगते. पण या साधनांनी शोधाची जागा बदलली, शोध थांबवला नाही. उलट घरांची संख्या वाढवली. कंटेनरसाठी आटोपशीर म्हणून अल्पाइन लिनक्सवर आधारलेली प्रतिमा निवडली, की तिथली सी लायब्ररी वेगळी असल्याने नेहमीच्या लिनक्ससाठी तयार केलेले ड्रायव्हर चालत नाहीत आणि एकतर अल्पाइनसाठीच बांधलेला मिळवावा लागतो किंवा तिथे बांधावा लागतो. बांधायला कंपायलर हवा, जो आटोपशीरपणासाठीच वगळलेला असतो. क्रॉनने रात्री चालवलेल्या कामाला तर दिवसा टर्मिनलवर सुरू केलेल्या एन्व्हायर्नमेंटची गंधवार्ता नसते. तयार बांधून मिळणारा सायकोपीजी घ्यावा की स्वतः बांधावा, यातही सरसकट उत्तर नाही. तयार पॅकेज आपल्याबरोबर स्वतःची एसएसएल लायब्ररी घेऊन येते आणि पायथनच्या एसएसएलशी तिचे बिनसू शकते, म्हणून त्याचे कर्तेच ते सरावाला आणि चाचणीला वापरा, प्रत्यक्ष सर्व्हरवर मूळ कोडपासून बांधा, असे सांगतात. सी लायब्ररी न लागणारे, निव्वळ पायथनमध्ये लिहिलेले ड्रायव्हर हा मात्र खरा सुटकेचा मार्ग आहे. पायमायएसक्यूएल हे त्याचे ठळक उदाहरण. वेग थोडा कमी मिळतो. शिकणाऱ्याला आणि लहान कामाला तो जाणवणारही नाही. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहिला प्रश्न, की एरर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला चिकटवली तर ते उत्तर देतेच, मग पुस्तिका कशाला? त्याला विचारावे, जरूर विचारावे. पण तुमच्या यंत्रावर कोणता पायथन धावतोय, सिस डॉट पाथमध्ये काय आहे, फाइलचे नाव काय ठेवले आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि काय सांगायचे हे शोधाची रीत माहीत असणाऱ्यालाच सुचते. शिवाय ही साधने अधूनमधून अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावेही आत्मविश्वासाने सुचवतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी यात एक जादा अडचण आहे. इंग्रजीतला तीस ओळींचा संदेश पाहून नजर दबते आणि तो न वाचताच चिकटवला जातो. वास्तविक त्या तीस ओळींत भाषा फारशी नसतेच. फोल्डरांचे पत्ते, फाइलींची नावे आणि ओळींचे क्रमांक असतात. पायथनचा संदेश खालून वर वाचायचा: शेवटच्या ओळीत नाव, तिच्या वर ते कोणत्या फाइलने मागितले त्याचा पत्ता. एवढे जमले तर इंग्रजी आड येत नाही.

पुढची प्रकरणे पायथनपासून सुरू होतात, कारण आज शिकणारे बहुतेक तिथेच आहेत. मग पीएचपी, जावा आणि विंडोजवरचे ओडीबीसी येते. पर्लला शेवटचे, छोटे प्रकरण दिले आहे. जुनी कामे अजून तिच्यावर चालू आहेत म्हणून. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला शोध कोणी केला, कुठे केला आणि कोणत्या नावाने केला हे विचारणाऱ्या कमांड दिल्या आहेत. बसवण्याच्या कमांड त्यांच्यानंतर येतात. हा क्रम कृपा करून मोडू नका. आधीच्या कमांडची उत्तरे कागदावर उतरवून घ्या आणि कोणाकडे मदत मागायची वेळ आली तर एररबरोबर तो कागदही दाखवा.